देवाची बाटली

सूर्यमाळहून जव्हारच्या सरकारी दवाखान्यात जायचं म्हणजे आधी मोखाड्यापर्यंत जीप आणि मग पुढची गाडी. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून आम्ही हे हेलपाटे घालत होतो. सासूबाईही सोबत असत. मुलावर त्यांचा विश्वास नव्हता आणि माझ्यावर तर त्याहून नव्हता.

पहिल्याच भेटीत तिथल्या समुपदेशक ताईंनी विचारलं, घरात दारू असते का?

"घरात दारू नाय," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. मीही मान डोलावली. नवरा प्यायचा तो गुत्त्यावर, त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं कुणालाच वाटलं नाही. भाताच्या कणगीमागे मोहाच्या दारूची बाटली होती, पण ती देवाची. तिला आमच्याकडे कुणी दारूत धरत नाही. इतक्या वर्षांत नवऱ्यानेही तिला आपणहून कधी हात लावला नव्हता, हे त्याचं कौतुकच म्हणायचं.

डॉक्टरांनी गोळ्या फुकट दिल्या, पण बजावून दिल्या. या चालू असताना एक घोट जरी पोटात गेला तरी छाती धडधडेल, उलट्या होतील, जिवावरही बेतेल. मी धसकाच घेतला. रोज सकाळी तो गोळी गिळेपर्यंत मी समोरून हलत नसे. संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला की मला काही सुचत नसे.

मग नवं भात घरात आलं. ते खाण्याआधी घरच्या कर्त्याने पानाच्या द्रोणातून पूर्वजांच्या नावाने दारूचे थेंब जमिनीवर सोडायचे आणि उरलेला घोट स्वतः घ्यायचा, ही आमच्या घरची रीत. सासरे गेल्यापासून कर्ता नवराच. सासूबाईंनी बाटली बाहेर काढली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी भावकी बसलेली, त्यात सुनेने बोलायचं कसं? मी सासूबाईंच्या कानाशी लागले, तर म्हणाल्या, देवाची आहे, हिने काय होतंय.

त्याने थेंब सोडले. द्रोण ओठांजवळ नेला. मी उठून उभी राहिले. त्याने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मग सगळी दारू जमिनीवर ओतली.

"आजा, माझा वाटा तूच घे," तो म्हणाला.

भावकीत कुजबुज झाली. मी परत खाली बसले.

पुढच्या खेपेला ताईंनी पुन्हा तेच विचारलं. सासूबाई तोंड उघडणार, तोच नवरा म्हणाला, "हाय. देवाची हाय. पण मला रातचा तिचा वास येतो."

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी बाटली पदराखाली घेतली आणि दिराकडे नेऊन ठेवली. दिराचं घर अंगणापलीकडेच आहे. तिथूनही वास येतो का, हे नवऱ्याला विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.