तसबिरीतल्या बाईची साखळी

बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मी तिथनं एक तसबीर आणली. मला चौकट आणि काच हवी होती, आतलं चित्र नको होतं. पण बायकोनं ते काढू दिलं नाही.

काळ्या रेघांचं छापील चित्र. पांढरं वस्त्र गुंडाळलेली बाई, एक छाती उघडी, हातात भाला, भाल्याच्या टोकावर टोपी आणि पायाशी तुटलेली साखळी. बायको म्हणाली, "देवीच हाय ही. पर अशी उघडी कशी ठिवायची?" तेव्हा बायका तसबिरीतल्या देवींना कापडं चिकटवायच्या, टिकल्या लावायच्या. हिनं मागची फळी काढून खणाच्या तुकड्याची चोळी खळीनं बसवली. देवीजवळ मोडका दागिना बरा न्हवं, म्हणून साखळीही जरीच्या दोऱ्यानं टाके घालून जोडली. निपाणीतल्या आमच्या खोलीत ती बाई अशी कैक वर्षं नांदली. रोज हळदकुंकू.

चलेजावच्या साली घरांच्या झडत्या सुरू झाल्या. मी तंबाखूच्या वखारीत कामाला. तिथल्या दोघांना पोलिसांनी नेलं. परत आले तेव्हा एकाला मांडी घालून बसता येत नव्हतं. त्याच दिवसांत शेजारचे मास्तर काडेपेटी मागायला आले आणि तसबीर बघून हसायलाच लागले.

"वैनी, ही देवी न्हवं. हे स्वातंत्र्य. परमुलखात लोकांनी राजा उलथवला, तवा असली चित्रं छापली. साखळी तोडून उभी हाय बाई, आणि तुमी परत जोडलीसा की!"

बायको हसली नाही. मास्तर गेले तशी कात्री घेऊन बसली.

"राहू दे गं," मी म्हणालो. "पोलीस गल्लीत फिरत्यात."

"मग हिला बांधूनच ठिवू? तुमाला भ्या वाटतंय म्हणून?"

तिनं टाके कापले. त्या दिवसापासनं मी गल्लीकडं कान लावून असायचो.

आणि ते आलेच. हवालदारानं मडकी उलथली, अंथरूण झाडलं, मग तसबिरीपुढं थांबला. "याव देवरु इदु?" कुठला देव हा, असं त्यानं कानडीत विचारलं.

"आमची देवी," बायको म्हणाली. "पायातनं बूट काढा की, आण्णा."

तो बिचकून मागं सरला आणि त्यानं बाहेरच्या फौजदाराला हाक मारली. फौजदार शिकलेला. त्यानं चित्राखालची इंग्रजी अक्षरं ओठातल्या ओठात वाचली, साखळी बघितली, मग माझ्या बायकोकडं बघितलं. आता हिला नेणार, असं वाटलं. मी भिंत धरली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ती साखळी जोडून टाका. मी परत येणार हाय."

ते गेल्यावर मी सुई शोधून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली आणि माझ्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावून दिलं.

साखळी तुटलेलीच राहिली. फौजदार काही आला नाही, पण तो येईल ह्या धास्तीत मी स्वराज्य येईपर्यंत जगलो. गल्लीत बूट वाजले की मी चुलीकडं सरकायचो. ती मला एका शब्दानं बोलली नाही. पदर खोचायची आणि आपणच दार उघडायला जायची.

आता दार वाजलं की मलाच उठावं लागतं.