रोज सकाळी विझवलेला दिवा

घड्याळकाकांना हे नाव दवाखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने ठेवलं. त्यांची व्हॅन आत शिरली की तो मनगटावरचं घड्याळ पावणेसातला लावून घ्यायचा. अकरा वर्षं, आठवड्यातले तीन दिवस, एकदाही चूक नाही. व्हॅनमध्ये तीन माणसं. तिघांचीही मूत्रपिंडं कामातून गेलेली, तिघांचंही रक्त चार-चार तास मशीनमधून धुवून निघायचं. सकाळी त्यांना न्यायचं आणि दुपारी पिळून काढलेल्या फडक्यासारखं झालेलं माणूस दारात आणून सोडायचं, हा काकांचा धंदा. धंदा म्हणायचं आपलं. सासरच्या माणसांची विचारपूसही कुणी इतक्या इमानाने करत नाही.

पुढच्या सीटवर निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. वय चौऱ्याहत्तर, अंगावर मांस नाही आणि जिभेला हाड नाही. मागे शिवणवाल्या ताई, मांडीवर कुणाचा तरी झगा टाचत. त्यांच्या शेजारी एक गृहस्थ होते, ते अकरा वर्षांत मोजून अकरा वाक्यं बोलले असतील, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत.

एका सोमवारी स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"हे काय रे पिवळं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"काही नाही. सेन्सरला सर्दी झालीय," काका म्हणाले.

पोस्टमास्तर हसले नाहीत. वाटभर ते रस्त्याकडे न बघता त्या दिव्याकडे बघत राहिले. आठवड्याचे बारा तास जो माणूस मशीनला बांधलेला असतो आणि मशीनवर काही लुकलुकलं की नर्स धावत येताना बघतो, त्याला कुठलाही दिवा साधा वाटत नाही. काकांना ते कळलं, आणि त्यांना ते बघवेना. बघवेना हेच खरं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

खरं तर सरळ मेव्हण्याच्या गॅरेजवर जायचं. मेव्हणा सख्खा, हात सोन्याचा. पण गॅरेजवर गाडी म्हणजे एक दिवस गेला, आणि फेरीचा दिवस मोडायचा नाही हा काकांचा नेम. मग मधले मोकळे दिवस होतेच की. ते दिवस काका पलंगावर उताणे पडून काढत. अठ्ठावन्न वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरायचे, आणि खरं सांगायचं तर माणूस दमला होता. पहाटे उठून उठून, इतरांची अंगं उचलून उचलून, चेहऱ्यावर हसू ठेवून ठेवून दमला होता. उद्या बघू, म्हणायचे. आजचं मरण उद्यावर ढकलायला फक्त एक कूस लागते.

त्यात कुणीतरी कधीकाळी सांगितलेली युक्ती आठवली. बॅटरीची वायर सोडवायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत जोडायची. दिवा गायब! मात्र एक-दोन फेऱ्या झाल्या की साहेब पुन्हा हजर. मग काकांनी रिवाजच करून टाकला. फेरीच्या दिवशी पहाटे दहा नंबरचा पाना घेऊन बॉनेटखाली वाकायचं, वायर काढायची, तेवढ्यात चहा प्यायचा, वायर जोडायची आणि निघायचं.

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला," बायको कपबशी विसळत म्हणाली. "गाडी चढावर हिसके मारते, मला भाजीला नेलंत तेव्हा कळलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"महिनाअखेरीपर्यंत जाऊ दे," काका म्हणाले.

पोस्टमास्तर पुन्हा वाटेकडे बघायला लागले होते, जुन्या साहेबांच्या नकला करायला लागले होते. काकांना तेवढं पुरे होतं. असे तीन आठवडे गेले.

मग दवाखान्याच्या कचेरीतून कागद आला. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत गाडीच्या नव्या पासिंगचा दाखला द्यावा, नाहीतर या तिघांना दवाखान्याची मोठी बस घेऊन जाईल. बस फुकट होती, स्वच्छ होती, आणि गाव भटकत चौदा थांबे घेत होती. काकांची गल्ली, जिथे हे तिघेही राहत, तिचा परतीचा शेवटचा थांबा. व्हॅनने वीस मिनिटं लागत, बसने दोन तास. मशीनवरून उठलेल्या माणसाचे पाय लटपटतात, पोटात ढवळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला दोन तास बसमध्ये ठेवायचं म्हणजे काय, ते कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. काकांना चांगलंच ठाऊक होतं.

गुरुवारी मोकळा दिवस साधून त्यांनी पासिंग ठरवलं. त्या पहाटे वायर अर्धा तास काढून ठेवली, कसर राहायला नको म्हणून. गाडी धुतली, काचा पुसल्या, आणि नवरदेवासारखी ती तपासणी केंद्रात नेऊन उभी केली. दिवा नाही, आवाज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तपासणीवाल्या मुलीने स्टिअरिंगखाली आपल्या यंत्राची वायर खोचली आणि कपाळाला आठी घातली.

"काका, बॅटरी कधी काढली होती?"

"बॅटरी? छे."

"गाडीला काही आठवतच नाहीये. ती चालता चालता स्वतःच्या चाचण्या करून निकाल साठवते. इथे एकही निकाल नाही. कुणीतरी सगळं पुसलंय, आणि तेही आजच." तिची नजर काकांच्या बोटांवर गेली. नखांत काळं ग्रीस होतं. "असा दाखला देता येत नाही. चार-पाच दिवस नीट चालवा, निकाल भरू द्या, मग आणा."

"चार-पाच दिवसांत दिवा परत लागेल," काकांच्या तोंडून गेलं.

"मग दिव्याचंच बघा ना," मुलगी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

तिथून काका थेट मेव्हण्याच्या गॅरेजवर गेले. वाटेतल्या चढावर गाडीने हिसके दिले आणि चौकात पोचेपर्यंत दिवा नुसता लागला नाही, तर डोळे मिचकावायला लागला.

मेव्हण्याने गाडी वर घेतली, खाली शिरला, बाहेर आला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"दाजी, किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे."

"तिसऱ्या सिलिंडरची कॉइल गेली होती. ठिणगीच पडत नव्हती. अर्ध्या तासाचं काम! तुम्ही चहा पिता तेवढ्यात झालं असतं. पण न जळलेलं पेट्रोल तीन आठवडे तसंच पुढे जात राहिलं आणि धूर गाळणारी जाळी आतून वितळून बसली. आता ती अख्खी बदलावी लागणार. जुन्या गाडीची जाळी मागवली तर यायला बारा दिवस लागतात." तो थोडा थांबला. "दिवा तुम्हाला काही मागत नव्हता हो. नुसतं सांगत होता."

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलं का?"

काकांनी मान खाली घातली. मेव्हणा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. कॉइल बदलून मेव्हणा म्हणाला, उद्याची एक फेरी हळूहळू करा, त्यानंतर ही हलवायची नाही.

शुक्रवारी सकाळी सांगायचं ठरलं होतं, पण पोस्टमास्तर खुशीत होते. काकांनी ते दुपारवर ढकललं. दुपारी पोस्टमास्तरांना दारात उतरवताना, काखेत हात घालून उभं करताना, काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. दिवा, बॅटरी, पाना, जाळी, सगळं. व्हॅनचं दार उघडंच होतं. ताईंचा टाका अर्ध्यात थांबला.

"बारा दिवस," पोस्टमास्तर बोटांवर मोजत म्हणाले. "म्हणजे पाच फेऱ्या." आणि भिंत धरून आत गेले.

सोमवारी पहाटे काकांना साडेचारला जाग आली. करायला काहीच नव्हतं. तरी ते उठले, कपडे चढवले आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. ताई आल्या, वकीलसाहेब आले, पोस्टमास्तर काठी टेकत आले. बस सतरा मिनिटं उशिरा आली. दारातल्या माणसाने यादी बघून सांगितलं की पेशंटबरोबर एकच नातेवाईक चालेल.

"यांचा नातेवाईक कोण?"

"मी," काका म्हणाले आणि चढले. पोस्टमास्तर हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

जाताना निभलं. येताना मात्र बस निघाली आणि पहिल्याच वळणावर पोस्टमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. कुणी उतरत होतं, कुणाची चाकाची खुर्ची खाली घ्यायची होती, प्रत्येक थांब्यावर पाच-सात मिनिटं जात होती. मागच्या बाकावर ताई पिशवीतला झगा बाहेर न काढता खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या थांब्यावर पोस्टमास्तरांना उलटी झाली. काकांनी पिशवी धरली, तोंड पुसलं, पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली बरगडी न बरगडी हाताला लागत होती. अकरा वर्षं या माणसाला आपण वीस मिनिटांत घरी पोचवत होतो, आणि केवळ कूस बदलून पडून राहायचा आळस आपण केला.

"मला तुम्हाला घाबरवायचं नव्हतं," ते म्हणाले.

पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "मी त्या दिवशी विचारलं होतं तुला. सर्दी झालीय म्हणालास."

"हो."

"घाबरलो असतोच. मला घाबरायला लागतंय काय? पण तेव्हाच म्हणालो असतो, टाक गाडी दुरुस्तीला. एक दिवस गेलो असतो या बसने." त्यांनी श्वास घेतला. "एकच दिवस."

बस पाचव्या थांब्यावर थांबली, दार उघडलं, कुणीतरी काठ्या सावरत उतरायला लागलं.

"अजून किती थांबे?" पोस्टमास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

आलंच की आता, हे शब्द काकांच्या ओठांवर तयार होते. अकरा वर्षं ते तेच म्हणत आले होते. त्यांनी दारावरची यादी पाहिली आणि थांबे मोजले, मग एकदा पुन्हा मोजले.

"नऊ," ते म्हणाले.

"बरं," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनी डोकं काकांच्या खांद्यावर टाकलं.