मसुराची किळस

बनुबाई जेवायला बसली की तिच्यासमोर कुणी नाक शिंकरायचं नाही, हा घरातला शिरस्ता होता. पाण्यात मुंगी दिसली की ती अख्खी घागर उकिरड्यावर ओतायची. दुसऱ्याच्या बशीतून चहा प्यायची वेळ आली, तर चहाच नको म्हणायची. तिसगावच्या बाजारात भज्यांच्या कढईतलं काळं तेल तिने एकदा पाहिलं, त्यानंतर तिथून जाताना ती तोंडाला पदर लावूनच जायची. गावात तिला हसणारे पुष्कळ होते. पण लग्नकार्यात कोठीघर सांभाळायला मात्र तिलाच बोलावणं यायचं. तिच्या नजरेखालून गेलेल्या भातात खडा निघत नसे.

गळ्यात तुळशीची माळ होती, ती वडिलांनी लहानपणीच घातलेली. मांस-मच्छी तर सोडाच, कांदा-लसूणसुद्धा ती चातुर्मासात शिवत नसे. आणि मसूर तर बाराही महिने वर्ज्य. गाईला बाण लागला, तिच्या रक्ताचे थेंब जिथं सांडले तिथं मसूर उगवली, अशी कथा तिच्या वडिलांनी तिला सांगितलेली. वाण्याच्या दुकानात ती लालभडक डाळ दिसली की बनुबाई तोंड फिरवायची. तिला तो कुणीतरी बारीक चिरून ठेवलेला जीवच वाटायचा.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. गावाच्या विहिरी आटल्या, बैल छावणीत गेले आणि बनुबाईचा मुलगा गहिनीनाथ आणि सून पुष्पावती पाझर तलावाच्या कामावर माती वाहू लागली. पुष्पावतीला दिवस गेले होते. थोरली मुलगी राही दोन वर्षांची होती, ती बनुबाईपाशी असायची. रेशनवर लाल मिलो यायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीला चिकी नसे, तव्यावरच तिचे तुकडे पडत, आणि गोणपाटाचा कुबट वास काही केल्या जात नसे. बनुबाई नाक दाबून ती भाकरी पाण्याबरोबर गिळायची. तोंडी लावायला काही नव्हतं. हुलगा, मटकी, तूर, सगळं रानातच करपून गेलं होतं.

पावसाळा सरला तशी राही बिघडायला लागली. तिच्या पायांना सूज आली, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. केस विरळ होऊन तांबूस झाले. मांडीवरची कातडी पापुद्र्यासारखी सुटायची. ती खेळत नव्हती, कुणी जवळ घेतलं तरी किरकिर करायची. बनुबाईने तिची दृष्ट काढली, अंगारा लावला. पोरीच्या अंगाला एक आंबूस वास यायला लागला होता. नातीला मांडीवर घेतल्यावर आपलंच नाक आपोआप मुरडतं, हे बनुबाईच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तलावाच्या कामावर लहान मुलांसाठी आणि पोटुश्या बायांसाठी एक भटारखाना सुरू झाला होता. तिथं आठवड्यातून काही दिवस एक नर्स यायची, सगळे तिला सिस्टर म्हणायचे. पुष्पावतीने राहीला तिच्याकडे नेलं. सिस्टरने पोरीचे पाय दाबले, पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि सांगितलं की हा रोग नाही, ही उपासमार आहे. पोट भाकरीने भरतं, पण अंग भरायला भाकरी पुरत नाही. दुधाची पावडर देऊन पाहिली, ती राहीला मानवली नाही, जुलाब झाले. तेव्हा सिस्टरने भटारखान्यातली डाळ घट्ट शिजवून, भाकरी कुस्करून रोज घालायला सांगितली. पुष्पावतीनेही तीच खायची.

ती डाळ मसुराची होती. दुसरी कुठली आलीच नव्हती.

पुष्पावतीने ही गोष्ट घरी सांगितली नाही. पण एके दिवशी राहीच्या हनुवटीवर पिवळं काहीतरी वाळलेलं बनुबाईने पाहिलं, आणि विचारलं. सून खोटं बोलणारी नव्हती. बनुबाई उठली, पदर खोचला आणि उन्हातान्हात तलावावर गेली. सिस्टर झाडाखाली बसली होती. माळकऱ्याच्या घरातल्या लेकराला मसूर का चारता, असं बनुबाईने तिला विचारलं. सिस्टर शहरातली, मनाने चांगली. तिने मावशी मावशी करत समजावलं की पोरीच्या अंगात रक्त राहिलेलं नाही, ते या डाळीने वाढेल, पोटातल्या बाळालाही ती लागते, आणि मिलोत जे कमी आहे ते डाळ भरून काढते. इथवर बनुबाई ऐकत होती. मग सिस्टर म्हणाली, "मटणात जे असतं ना मावशी, तेच हिच्यात असतं. हे गरिबाचं मटणच समजा."

बनुबाईचे वडील जे सांगत होते तेच ही शिकलेली बाई सांगत होती. बनुबाई तशीच मागे वळली. आता राहीला इथं पाठवायचं नाही, हे तिने ठरवलंच होतं. जाता जाता भटारखान्यात डोकावली.

तिथं मुकादमाचा मेहुणा बन्सी स्वयंपाकाला होता. त्याने पोतं तसंच पातेल्यात उलटं केलं. ना निवडणं, ना धुणं. उकळी फुटली तसा वर करडा फेस आला आणि फेसावर सोंडे तरंगू लागले, काळे, पाय आखडलेले. बन्सीने डावाने थोडे बाहेर उडवले, बाकीचे तसेच ढवळून खाली घातले. मग त्याने बोटांनी नाक शिंकरलं, हात धोतराला पुसला आणि तोच डाव पुन्हा धरला. समोर पोरं वाटग्या घेऊन रांगेत बसली होती. माशा त्यांच्या तोंडावर बसत होत्या, तिथून पातेल्याच्या काठावर.

बाभळीच्या आडोशाला जाऊन बनुबाई ओकली. पोटात मिलोच्या भाकरीचंच पाणी होतं, ते सगळं पडलं. तोंड पुसून ती परत आली आणि तिने बन्सीच्या हातातून डाव काढून घेतला.

"हे तू कुत्र्याला तरी घालशील का?"

"शिजल्यावर समदं मरतंय आक्का," बन्सी म्हणाला.

तिने ते पातेलं लवंडून दिलं. पोरं रडायला लागली. मुकादम धावत आला, सिस्टरही आली. मुकादम म्हणाला की एवढं सोवळं असेल तर उद्यापासून तूच शिजव. बनुबाई म्हणाली, शिजवीन. बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती डाळीच्या पोत्यासमोर बसली. मसूर कशी शिजवतात हे तिला ठाऊकच नव्हतं. कामावर सकीना नावाची बाई होती, शेजारच्या आळीतली. तिच्या घरी मसूर नेहमीची. बनुबाईने आजवर तिच्या घरचं पाणीही कधी घेतलं नव्हतं, आणि सकीनाला ते माहीत होतं. तरी बनुबाईने तिलाच बोलावलं. सकीनाने सगळं दाखवलं. डाळ भिजवायला लागत नाही, लवकर शिजते. पहिला फेस काढून टाकायचा. मऊ झाली की घोटायची, पाणी बेतानं, नाहीतर पोरांच्या पोटात नुसतं पाणी जातं. वरून लसणाची फोडणी आणि चिंचेचा कोळ, आंबटाने डाळ अंगी लागते.

डाळ सुपात घेतली की बनुबाई मान वळवून पाखडायची. सोंडे बोटांवर चढायचे. धुताना पाणी गुलाबी व्हायचं, तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची आणि हात मात्र चालू ठेवायची. उकळताना येणारा वास तिच्या लुगड्यात मुरायचा. झाकण काढलं तेव्हा डाळ पिवळी झालेली दिसली. लाल रंग कुठं गेला म्हणून तिने सकीनाला विचारलं. शिजल्यावर जातो, सकीना म्हणाली. बनुबाईला बरं वाटायला हवं होतं, पण तिला वाटलं की ही डाळ रक्त लपवतेय, आणि तिची शिसारी आणखीच वाढली.

तरी तिच्या हातच्या डाळीत ना किडा निघाला, ना खडा. वाटगी राखेने घासून आणलेली नसेल तर ती वाढत नसे. शेंबडं नाक घेऊन आलेल्या पोराला आधी तोंड धुवायला लावायची, मग डाव बुडवायची. आया चिडायच्या, पण ऐकायच्या. संध्याकाळी ती घरी आली की वाट्याला आलेल्या पाण्यातला तांब्याभर अंगावर घेई आणि माळ डोळ्यांना लावे.

राही आता आजीबरोबर तलावावर येऊन तीच डाळ खायची; तिच्या पायाची सूज उतरायला काही आठवडे गेले. आधी ती रडायला लागली, मोठ्याने, हात पसरून. मग एक दिवस डाळीची वाटगी तिने बनुबाईच्या हातातून हिसकावून घेतली आणि चेहऱ्यावर, केसांवर सगळीकडे माखली. बनुबाईने नाक मुरडलं, तोंड पुसलं आणि आणखी एक डाव वाढला.

उन्हाळ्यात पुष्पावती बाळंत झाली. मुलगा अंगाने बारीक होता, पण रडण्यात कमी नव्हता. सिस्टर बाळंतिणीला बघायला आली तेव्हा तिने बनुबाईच्याही पापण्या पाहिल्या. जीभ पांढरी पडली होती, चार पावलं चाललं की दम लागायचा. तुम्ही पण दोन घास डाळ खा, असं सिस्टरने विनवलं. पुष्पावतीही म्हणाली, "आत्याबाई, औषध म्हनून तरी घ्या."

बनुबाईने गळ्यातल्या माळेला हात लावला. मग म्हणाली, "लेकरांसाठी हात घातला, तेवढं लई झालं. घशाखाली न्हाई जायची माझ्या."

त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला, कामं बंद पडली, रानात हुलगा-मटकी आली. बनुबाईने हुलग्याचं माडगं प्यायलं, पण गेलेली ताकद पुरती परत आली नाही. भिंतीला टेकत टेकतच ती चालायची. पुष्पावती मात्र आता घरी वेगळ्या पातेल्यात मसूर शिजवायची, कारण पोरं मागायची. तेवढा वेळ बनुबाई अंगणात, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसायची.

आसपासच्या वस्तीवरच्या बाया आपली सुकलेली पोरं घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. बनुबाई पोराचे पाय दाबून बघायची आणि सगळं नीट सांगायची, किती पाणी, किती घोटायची, चिंच का घालायची. सांगताना तिचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं व्हायचं. एकदा एका बाईने तिला विचारलं, एवढी चांगली डाळ तर तुमी का न्हाई खात?

"मला किळस येती," बनुबाई म्हणाली, "तू चार पोराला. पन निवडून घे आधी, आन हात धू."