ढाब्यावरची सराव परीक्षा

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी, कारंजा (घाडगे) जवळच्या एका ढाब्यावर, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मी पन्नास गुणांची लेखी परीक्षा दिली. मुलीनेही दिली.

कार्यक्रम ढाब्यावर का, ते मुलीच्या वडिलांनी फोनवरच सांगितलं होतं. आधीची चार स्थळं घरी पोहे खाऊन गेली होती. चारही मुलांनी 'तयारी करतो' एवढंच सांगितलं होतं. तयारी म्हणजे स्पर्धा परीक्षेची. मीही तीच करत होतो, समुद्रपूरच्या एका अभ्यासिकेत, सहाव्या वर्षी. मुलगीही तीच करत होती. माझं वय एकतीस होतं आणि त्या वर्षात मला आलेलं हे एकच स्थळ होतं.

चहा झाल्यावर मुलीच्या वडिलांनी विषय काढला.

"भाऊ, तयारी करतो तं सारेच म्हन्ते. किती झाली ते कोनी पाह्यत नाई. आज पाहून घेऊ."

मुलीचे मामा निवृत्त शिक्षक. त्यांनी पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली, सोबत गोल काळे करायची उत्तरपत्रिका.

"आमी सोयरिकीले आलो का भरतीले?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"भरती निघून राह्यली कुठं? मी घेतो तेवढीच," मामा म्हणाले.

"मंग पोरीचीही घ्या. तेही तयारीच करते."

मामांनी दुसरा संच आधीच आणला होता. आम्हाला दोन टोकांच्या टेबलांवर बसवण्यात आलं, मधलं टेबल रिकामं ठेवलं. दोघांचे मोबाइल ढाब्याच्या गल्ल्यावर जमा झाले. जेवण लावू का, असं विचारायला आलेल्या ढाबेवाल्याला मामांनी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. टाकीवर तोंड धूत असलेल्या एका ट्रकचालकाने ही कोणत्या पदाची परीक्षा आहे, असं मोठ्याने विचारलं.

मामांनी गाइड उघडून पेपर तपासले. मला एकोणचाळीस गुण पडले, मुलीला एक्केचाळीस.

"पोरीपेक्षा कमी हाय," मुलीचे वडील म्हणाले.

"दोन मार्कांसाठी सोयरीक मोडता काऊन?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"दोन मार्कांनंच मागच्या भरतीत पोरगी राह्यली, भाऊ. कोनी काऊन म्हनून इचारलं नाई."

मामा म्हणाले, निर्णयाआधी पोरापोरीला बोलू द्यावं, तशी पद्धत आहे. आम्ही ढाब्यामागे, उभ्या ट्रकांपाशी गेलो. पहिला प्रश्न तिने विचारला.

"वर्धा नदीच्या उगमाले काय भरलं तुम्ही?"

"बैतूल जिल्हा."

"बरोबर हाय ते. मी अमरावती भरलं."

"ठाऊक नव्हतं?"

"होतं. पन गाइडात चुकून अमरावती छापलं हाय, अन् मामा तेच गाइड पाहून तपासते. मले मार्क पाह्यजे होते."

मी मनात दोघांचे गुण पुन्हा मोजले.

"आता मी आक्षेप घेतो," ती म्हणाली. "एक मार्क माझा जाईल, एक तुमाले भेटंल."

"तुमचा काऊन घालवता?"

"मंग काय करू? तुम्हीही गेले तं बाबा सहाव्यासाठी पेपर काढायले लावतीन. मले पुन्हा बसाचं नाई."

परत आल्यावर तिने उत्तरतालिकेवर आक्षेप नोंदवला. छापील गाइड चुकत नसतं, असं मामांचं म्हणणं पडलं. मग गल्ल्यावरचा एक मोबाइल परत आणून नकाशा पाहण्यात आला. बराच वेळ ते नदीवरून बोट मागे मागे सरकवत राहिले. शेवटी त्यांनी आक्षेप मान्य केला आणि दोन्ही उत्तरपत्रिकांवर नवे आकडे लिहिले. दोघांनाही चाळीस.

"सारखे गुण पडले तं वयानं मोठा उमेदवार वर," मामांनी नियम सांगितला.

"म्हन्जे आमी समजावं काय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"पोराची निवड झाली. नियुक्ती बाकी हाय."

माझ्या वडिलांनी ढाबेवाल्याला जेवण लावायला सांगितलं.

लग्न मे महिन्यात झालं. तेव्हा आम्हा दोघांपैकी कोणालाही नोकरी नव्हती. हळदीच्या दिवशी तिचा नागपूरला पेपर आला. तिच्या घरच्यांनी हळद पहाटेच उरकली आणि मामा तिला घेऊन केंद्रावर गेले. मेंदीमुळे यंत्राने तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला नाही. पर्यवेक्षकाने ओळखपत्रावरचा फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, तिला तोंड धुऊन यायला सांगितलं, पुन्हा ताडून पाहिला आणि आत सोडलं. पेपर सुटल्यावर ती थेट मांडवात परतली.

त्या परीक्षेचा निकाल अद्याप लागलेला नाही.