जगबुडी आणि सुपारीची टोपली

किस्से ठरवून जमत नाहीत. पोफळीखाली सुपारी पडते तसे पडत राहतात, आणि कुणी वेचले नाहीत तर कुजून जातात. म्हणून आमच्या मंडळाचे थोडे वेचून ठेवतो.

दिवेआगरला सुलभाकाकूंच्या पडवीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघं जमतो आणि आपापल्या विज्ञानकथा वाचतो. सगळ्या उद्याच्या काळ्या जगाच्या. माझ्याकडे कंपन्यांचं राज्य, रिक्षावाल्या रफिककडे कॅमेऱ्यांचं, निवृत्त फिटर सदूभाऊंकडे यंत्रांचं, आणि काकूंकडे जगबुडी. नियम एकच, तोही काकूंचा: वाडीत रिकाम्या हाताने बसायचं नाही. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सुपारी सोलायची.

*

सदूभाऊंच्या कथेत यंत्रांनी माणसांचं अन्न तोडलं होतं. तरी बंडखोर दर दुसऱ्या पानावर भाकरी-सुकट खात होते.

"सगळं बंद ना? मग सुकट आली कुठून?" मी विचारलं.

"छपरावर वाळत व्हती. यंत्राला वास कुठं येतो?"

"पण सदूभाऊ, माणूस उपाशी असला की बंड करतो."

"तुमच्या पुस्तकात करत असंल. आमच्यात आधी जेवतात."

काकूंनी त्या दिवशी सदूभाऊंना दुसऱ्यांदा चहा दिला. मला विचारलंही नाही.

*

रफिकच्या कथेत गावभर कॅमेरे. पळून आलेल्या एका मास्तराला शोधायला शिपाई येतात. कॅमेऱ्यांना तो सापडत नाही. पण शेजारी जैनबखाला राहते, आणि गावात कोण कुठे गेलं, काय जेवलं, सगळं तिला ठाऊक.

"सरकारने कॅमेरे कशाला घेतले?" सदूभाऊ म्हणाले. "खालेला इचारायचं."

"विचारतात ना. ऐका पुढे."

शिपाई विचारतात. खाला ओट्यावर तांदूळ निवडत असते. मान वर न करता, आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणते, "मला काय ठाव न्हाय."

आम्ही हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या चार शब्दांएवढं बंड मला अजून लिहिता आलेलं नाही.

*

मग चक्रीवादळ आलं. काकूंची पोफळीची वाडी एका दुपारी आडवी झाली. पुन्हा बसलो तेव्हा सोलायला सुपारी नव्हती. हात मांडीवर ठेवून ऐकलं, पण कथा कुणाच्या डोक्यात शिरली नाही. हातांचं काय करावं तेच कळत नव्हतं.

त्यानंतर काकूंच्या कथांत शेवटी कुणीच उरेना.

"काकू, एक तरी माणूस ठेवा," रफिक म्हणाला.

"कशाला? एकटं राहून काय करील तो?"

काका आधीच गेलेले, मुलगा मिलिंद पुण्याला. त्याचं म्हणणं, वाडी विकावी आणि आईने पुण्याला यावं. पोरगा वाईट नाही. आई एकटी राहते याचा त्याला घोर. काकू हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. आम्हाला भीती वाटायची, पण विचारायची छाती नव्हती.

*

गेल्या महिन्यात मिलिंद गिऱ्हाईक घेऊन आला, तेही नेमकं रविवारी. बंगले बांधणारा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"बसा," काकू म्हणाल्या. "माझं वाचून होऊ दे."

आणि त्यांनी टोपली पुढे सरकवली. वादळातून वाचलेल्या चार-दोन पोफळींची पिकली सुपारी होती. शेजारी मातीचा ढीग आणि रोपांच्या काळ्या पिशव्या. बियाण्याची सुपारी सोलत नाहीत.

आम्ही पिशव्यांत माती भरून एकेक सुपारी रोवू लागलो. थोड्या वेळाने मिलिंदनेही बाह्या सरसावल्या. गिऱ्हाईक तेवढं रिकाम्या हाताने बसलेलं. काकूंनी वाचता वाचता चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि एक पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. बिचाऱ्याने भरली.

कथेत समुद्र गावात शिरला होता. सगळी माणसं होडीत चढली होती, एक म्हातारी चढत नव्हती. तिथे काकू थांबल्या.

"पुढे?" रफिकने विचारलं.

"लिहायचंय अजून."

गिऱ्हाइकाने हातातली सुपारी उलटसुलट करून पाहिली. "काकू, हिला फळ कधी धरतं?"

"मी नाही बघायची," काकू म्हणाल्या. "देठ वर ठेवा."