खाणीच्या हवेतली सुरंगी

वाडीत कुणाला ‘बाधलं’ म्हणाले की मी आधी थर्मामीटर काढायचे. बॉटनी शिकलेली बाई मी... माझा स्वभाव एवढ्यावरून कळावा. तरीही हे लिहितेय, कारण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. लग्न होऊन मी दापोलीकडच्या बुरोंडीच्या वरच्या अंगाला एका वाडीत आले होते. वाडीच्या माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथली बॉक्साइटची खाण नुकतीच बंद पडली होती. खाणीतले गडी मुंबईला गेले आणि मागे राहिला लालभडक, दोन पुरुष खोल खड्डा. सरकारी योजनेतून त्यात काजू लावायचं काम निघालं, देखरेखीला मला नेमलं. वाडीतल्या बायकांना तेवढीच रोजी. पण रोपं जगेनात. “हीसुद्धा मेली तर काम बंद,” योजनेच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मार्चमधली एक सकाळ. आम्ही डोक्यावर हंडे घेऊन खड्ड्यात उतरलो आणि वास आला... सुरंगीचा!

“गजरा कुणी घातलाय गं?” मी विचारलं. कुणीच घातला नव्हता. आणि जवळपास सुरंगीचं झाड तर एकही नाही.

तेवढ्यात बायजाकाकी थांबल्या. आमच्या शेजारच्या, सगळ्यांत वडील. “सुनंदा, वर बघ गो.”

आमच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, मोकळ्या हवेत मधमाश्या होत्या. उडत जाणारा थवा नव्हे. एकेक माशी एका जागी थांबे, जराशी सरके, पुन्हा थांबे... फुलाफुलावर बसावी तशी. खाली दगड, वर आकाश, मध्ये काहीही नाही!

“सुरंगी हितंच व्हती,” काकी हळूच म्हणाल्या. “खाणवाल्यांनी पाडलानी.”

“पण माश्या एवढ्या वर कशाला, काकी?”

“तवा जमीन वर व्हती ना गो.”

मी माश्यांच्या बरोबर खाली उभी राहिले आणि पदर पसरला. थोड्या वेळाने त्यावर पिवळी भुकटी दिसायला लागली. चिमटीत घेऊन वास घेतला. पराग! मग कडेकडेने सगळा खड्डा फिरले. कुठे पोळं सापडलं नाही. सुरंगीचा बहर असेपर्यंत रोज सकाळी हेच... नंतर थांबलं.

पावसाच्या तोंडावर काकींनी कुठूनसं सुरंगीचं रोप आणलं. साहेब म्हणाले, “योजनेत फक्त काजू आहे.”

“साहेबानू, तुमचे काजू मेले,” काकी म्हणाल्या. “आता आमची एक सुरंगी लावू द्या.”

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. आम्ही तो होकारच धरला. बायकांनी शेताच्या बांधावरची माती टोपल्यांनी वाहून आणली आणि रोप माश्या थांबत त्या जागेच्या बरोबर खाली लावलं. ते जगलं. मग जिला तिथलं पूर्वीचं जे आठवेल ते तिने लावलं: ऐन, किंजळ, करवंद. दगडाच्या भेगांतून गवत आलं. खड्ड्यात हिरवं दिसायला लागलं तसं साहेबांनी काम चालू ठेवलं. शिमग्याला मुंबईहून आलेले पुरुष कडेला उभे राहून नुसते बघत होते.

पुढच्या मार्चला आम्ही आशेने खड्ड्यात उतरलो. एक माशी नाही, वास नाही. सुरंगी गुडघ्याएवढी, फुलायला अजून कितीतरी वर्षं. काकी बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. मला उगाचच रडू आलं.

नंतर दापोलीला शेतकीच्या एका प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माश्यांच्या लक्षात फुलांची जुनी जागा राहते.”

“सर, झाड पाडून कितीतरी वर्षं झाली होती. माशी तर काही आठवडेच जगते.”

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, “तर मग मला माहीत नाही.”

मलाही नाही.