आईने ओळखलेली गाठ

"घे, टाकून ये. तुमच्या लोकांना सवय असते ना."

डॉक्टर मॅडमनी स्टीलचा ट्रे माझ्या हातात दिला आणि हात धुवायला गेल्या. 'तुमच्या लोकांना' म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. आम्ही बौद्ध. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं.

भांडुपमधलं ते छोटं नर्सिंग होम, मी तिथे आया. ट्रेमध्ये रक्ताच्या गुठळ्या, कापूस. आत खाटेवर एक पोरगी, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय गर्भ पाडायच्या गोळ्या दिल्या, तिने घरी घेतल्या, रक्त थांबेना. तिचं काय चुकलं? सरळ दवाखान्यात गेली असती तर आधी नवरा कुठाय म्हणून विचारलं असतं.

असला कचरा पिवळ्या पिशवीत जातो. त्याची वेगळी गाडी येते, नोंद होते. पण आमच्याकडे गर्भपाताची सरकारी मान्यताच नव्हती; नोंद झाली असती तर मॅडम अडकल्या असत्या.

"पिवळ्यात नको. पेपरात बांध, बाहेरच्या डब्यात टाक," मॅडम आतून म्हणाल्या.

मी बांधलं. बँडेजची पट्टी, दोन वेढे, वर दुहेरी गाठ. आईनेच शिकवलेली. हात तसाच वळतो.

आई त्याच गल्लीत झाडू मारायची, ठेकेदाराकडे. तिची भाकरी मी रोज तशीच पेपरात बांधून गेटवर ठेवायचे. त्या दिवशी धांदलीत राहिली.

गेटवर भाकरी नाही, डब्यात पुडकं, वर माझी गाठ. आईला वाटलं, वॉचमनने फेकली. आधी एकदा फेकली होती त्याने. तिने पुडकं उचललं, कट्ट्यावर बसली, गाठ सोडली.

मी खिडकीतून बघितलं. धावत पोचेपर्यंत तिचे हात भरले होते.

"हे तू बांधलंस गं?"

एवढंच म्हणाली. जन्मभर तिने लोकांची घाण उचलली. ही मी दिली, माझ्या हाताने. मेले असते तर बरं, असं वाटलं.

आठवड्याने पुन्हा ट्रे आला. मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला, चहाच्या कपाशेजारी.

"पिवळी पिशवी द्या. नोंदवहीत सही करा."

"कामावरून काढीन."

"काढा."

काढलं. पालिकेत मी तक्रार लिहून दिलीय. त्यात मॅडमचं नाव आहे, माझंही आहे, मीच बांधलं म्हणून. त्या पोरीचं नाव नाही, आणि कोणी कितीही विचारलं तरी सांगणार नाही.

आई आता भाकरी स्वतःच बांधून नेते. माझ्या हातची तिला जात नाही. नाही तर नाही. पण दुसऱ्याचं पाप झाकायला हे हात पुन्हा गाठ मारणार नाहीत.